एअरी यांची खासगी व घरगुती कागदपत्रे

इंग्लंडचे सातवे राजज्योतिषी सर जॉर्ज बिडल एअरी (२७ जुलै १८०१–२ जानेवारी १८९२) यांनी जन्मभर जपलेला कागदसंग्रह. १८३५ ते १८८१ या काळात ते ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख होते. तेव्हाचे त्यांचे सरकारी दफ्तर केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पण कागद न टाकण्याची सवय १८१९ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात आल्यापासूनची. चेकबुकांच्या स्थळप्रती, दुकानदारांना धाडलेल्या चिठ्ठ्या, बिले, परिपत्रके, सगळे क्रमवार लावलेले असे. हिशेबही जन्मभर दुहेरी नोंदपद्धतीचा. त्यांचे आत्मचरित्र १८९६ मध्ये संपादित करणारे पुत्र विल्फ्रिड यांनी ही शिस्त कौतुकाने नोंदवली आहे. उतारवयात मात्र आलेले पत्र समजून घेण्यापेक्षा ते जागच्या जागी लावण्याचीच वडिलांना जास्त घाई असे, हेही त्यांनी लपवलेले नाही.

एअरी यांनी रिचर्डा स्मिथ यांना १८२४ मध्ये, पुरती ओळखही झालेली नसताना, मागणी घातली. लग्न १८३० मध्ये झाले. प्रवासातून पत्नीला लिहिलेल्या पत्रांतून कोरड्या, करड्या समजल्या जाणाऱ्या या अधिकाऱ्याचा घरगुती स्वभाव दिसतो. मुळात त्यांच्या लेखी खासगी आणि शास्त्रीय अशी भिंत फारशी नव्हतीच. डाव्या डोळ्यातला दृष्टिवैषम्याचा दोष त्यांनी स्वतःच मोजला, त्यासाठी दंडगोलाकार पृष्ठाचे भिंग करवून घेतले आणि त्यावर निबंधही वाचला.

घरच्या तारखा इतिहासालाही उपयोगी पडतात. ऑक्टोबर १८४५ मध्ये गणितज्ञ जॉन काउच अ‍ॅडम्स अज्ञात ग्रहाचे गणित घेऊन ग्रिनिचला आले, तेव्हा त्यांची एअरींशी भेट झाली नाही. त्याच महिन्यात रिचर्डा बाळंत झाल्या. एअरींनी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडम्सना पत्र पाठवून शंका विचारली. त्या शंकेला उत्तर आले नाही. सप्टेंबर १८४६ मध्ये तो ग्रह, म्हणजे नेपच्यून, सापडला तो बर्लिनला. हा शोध इंग्लंडच्या हातून निसटल्याचा एअरींवर ठपका ठेवणाऱ्यांनी हा घरचा संदर्भ सहसा विचारात घेतलेला नाही.

या वादाची एअरींनी स्वतः लावलेली फाइल १९६० च्या दशकात वेधशाळेतून नाहीशी झाली. तेथे पूर्वी काम केलेले खगोलशास्त्रज्ञ ओलिन एगेन यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, ती चिलीत त्यांच्या सामानात सापडली आणि केंब्रिजला परत आली.