हाताच्या अंतरावर : बाळाच्या बिछान्याचा इतिहास

घरात बाळ येणार असलं की नाव कोणतं ठेवायचं यावर जेवढी चर्चा होते, जवळजवळ तेवढीच ते झोपणार कुठे यावर होते. हल्ली आईच्या पलंगाला जोडायची छोटी खाट बाजारात मिळते. तिच्या तीन बाजूंना कठडा असतो आणि चौथी बाजू आईकडे उघडी. ती घरात आली की एखादी आजी हमखास विचारते, "बाळ कुशीत घ्यायचं सोडून हे काय नवीन?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. पण ही कल्पना काही नवी नाही. तिच्यामागे दोन जुन्या भीती आहेत : बाळ अंगाखाली येईल ही एक, आणि बाळ लांब राहील ही दुसरी.

पहिली भीती थेट बायबलमध्ये सापडते. शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका बाळावरून भांडत येतात, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. त्या भांडणाचं मूळ काय? एकीचं मूल रात्री झोपेत तिच्याच अंगाखाली येऊन दगावलेलं असतं. पुढे मध्ययुगीन युरोपात चर्चने अशा मृत्यूंसाठी आईवडिलांना प्रायश्चित्तं सांगितली.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराने मात्र शिक्षेच्या जोडीला सुतारकामाचाही आधार घेतला. तिथे 'आर्कुच्चो' नावाची वस्तू होती. आर्कुच्चो म्हणजे छोटी कमान. साधारण तीन फूट लांबीची ही लाकडी चौकट बाळाभोवती बिछान्यातच ठेवत. वर कमानी असल्यामुळे पांघरूण किंवा आईचं अंग बाळावर येत नसे, आणि बाजूच्या फळीला खाच ठेवलेली असे, म्हणजे दूध पाजता येई. १७३२ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन छापून आलं. फ्लॉरेन्समधल्या दाईने बाळाला आर्कुच्चोत ठेवलं नाही, तर तिला धर्मबहिष्कृत करण्याची तरतूद होती, असं त्यात म्हटलं आहे. बाळ जवळही हवं आणि वेगळंही हवं, ही आजच्या खाटेमागची कल्पना तिथे स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकात दोष पुन्हा आईकडे आला. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे पोलीस सर्जन टेम्पलमन यांनी १८९२ साली अशा २५८ बालमृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. शनिवारच्या रात्री हे मृत्यू जास्त होत, म्हणून त्यांनी दारू, निष्काळजीपणा आणि दाटीवाटीची घरं यांवर बोट ठेवलं. १९०८ च्या ब्रिटिश बालक कायद्याने तर दारूच्या अमलाखाली बाळाशेजारी झोपणाऱ्या मोठ्या माणसाकडून तीन वर्षांखालील मूल गुदमरून मेल्यास तो गुन्हाच ठरवला. पण ज्या घरात सगळ्यांना मिळून एकच अंथरूण, तिथे आईने बाळ ठेवायचं तरी कुठे, या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नव्हतं.

मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग या डॉक्टरांनी १९०७ साली माता-बालकांसाठी संस्था काढली. घड्याळ लावून दूध, मोकळी हवा आणि बाळाचा वेगळा बिछाना ही त्यांची शिस्त जगभर गेली. पुढे १९५० च्या दशकापासून, उलटी घशात अडकू नये म्हणून बाळांना पोटावर झोपवण्याचा सल्ला पाश्चात्त्य पुस्तकांतून मिळू लागला. हेतू चांगला होता, पण सल्ला घातक ठरला. पोटावर झोपणाऱ्या बाळांत अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. १९९१ साली ब्रिटनमध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. वेगळ्या पाळण्यातली कित्येक बाळं दगावली होती, तीही आईच्या अंगाखाली न येता.

ट्रूबी किंग यांच्याच न्यूझीलंडमध्ये गोष्टीचं एक वर्तुळ पूर्ण झालं. माओरी कुटुंबांत बाळाला शेजारी घेऊन झोपण्याची रीत आहे. ती मोडा असं सांगण्याऐवजी, २००६ च्या सुमारास डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच आणि माओरी विणकर यांनी स्थानिक पात्यांची विणलेली सपाट टोपली पुढे आणली. तिचं नाव वाहाकुरा. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. थोडक्यात, आर्कुच्चोची धाकटी बहीणच!

आपल्याकडे काय होतं? बाळंतिणीची बाज, खाली शेगडी, शेजारी पाळणा आणि पाळण्याची दोरी आईच्या हातात. बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती घोडियुं आलं, तंजावरकडे तमीळ पद्धतीची साडीची झोळी. दोरी म्हणजे काय, तर हाताचं अंतरच. मात्र झोळीत बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकू शकते आणि श्वास कोंडू शकतो. म्हणून जागेपणी, कुणीतरी समोर असताना झोका जरूर द्या. रात्रीच्या झोपेसाठी मात्र सपाट जागाच हवी.

आता खाट घेताना आणि लावताना काय बघायचं? बाळाची गादी घट्ट आणि सपाट हवी, आणि ती तुमच्या गादीच्या पातळीत यायला हवी. आपल्या कापसाच्या गाद्या दबतात, म्हणून पलंगावर माणूस झोपलेला असताना पातळी तपासा. पट्टे पलंगाच्या चौकटीला आवळा आणि दोन्ही गाद्यांमध्ये हात घालून बघा. फट राहता कामा नये. फटीत दुपटं कोंबून ती बुजवू नका, पट्टे पुन्हा आवळा. पट्टे बसतच नसतील, तर चौथी बाजू वर करून खाट स्वतंत्र वापरा. ती पलंगाला लागून ठेवण्यापेक्षा हातभर अंतरावर ठेवलेली बरी. जमिनीवर झोपणाऱ्या घरात ही खाट नकोच. तिथे घट्ट, सपाट, वेगळं अंथरूण पुरे.

आत फक्त ताणून घातलेली चादर आणि पाठीवर झोपलेलं बाळ. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी, सगळं बाहेर. गळ्यातला काळा दोराही झोपताना काढा. चिमणाळं बाळाच्या हाताला न लागेल इतकं उंच टांगा. बाळ कुशीवर वळू लागलं किंवा हातांवर जोर देऊन उठू लागलं, की या खाटेचं काम संपलं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आज हेच सांगते : निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या बिछान्यावर. तेव्हा आजींनी विचारलं, की त्यांना पाळण्याच्या दोरीची आठवण करून द्या. दोरी गेली, त्या जागी उघडी बाजू आली, एवढंच. आणि दूध पाजायला बाळ कुशीत येणारच आहे. आपल्याला झोप लागण्याआधी ते परत शेजारी ठेवायचं, हे मात्र विसरू नका.