‘काही नाही, घरीच असते’

१९८१ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. जनगणनेसाठी आमच्या गल्लीत एक गुरुजी आले होते. मी तेव्हा सहावीत. अब्बांनी ओट्यावर सतरंजी घालून त्यांना बसवले, चहा दिला. नावे, वये, शिक्षण, मातृभाषा असे एकेक विचारून झाल्यावर गुरुजींनी विचारले, ‘‘आणि मंडळी काय करतात?’’ अब्बा सहज म्हणाले, ‘‘काही नाही, घरीच असते.’’ गुरुजींनी तसे लिहून घेतले. गंमत अशी, की हे बोलताना दोघांनाही आवाज चढवावा लागत होता. कारण आतल्या खोलीत अम्मीचे शिलाई मशीन चालू होते.

अब्बा जकात नाक्यावर कारकून. पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरे. पुढचे दहा दिवस अम्मीच्या मशीनवर चालत. गल्लीतल्या बायका मापाचा ब्लाऊज घेऊन येत आणि ‘‘भाभी, गुरुवारपर्यंत झाला पाहिजे बरं का,’’ असे बजावून जात. दिवाळी आणि रमजान ईद एकाच सुमारास आली, की अम्मी रात्री दोनपर्यंत बसे. शिवणातून उरलेल्या तुकड्यांच्या ती कुंच्या आणि दुपटी शिवी. बाळंतिणीच्या घरी त्यांना मागणी असे. कापड फुकटचे, त्यामुळे त्यात चार पैसे जास्त सुटत.

याशिवाय पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडून परकर येत. मजुरी डझनावर. दोरा अम्मीचा, मशीनचे तेल अम्मीचे आणि एखादा परकर नापास झाला तर नुकसानही अम्मीचेच. ब्लाऊजचा दर ती स्वतः सांगे. परकराचा दर व्यापारी सांगे. घरबसल्या कामाचे अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आहे, हे मला फार उशिरा कळले.

हे मशीन आमच्या घरापर्यंत आले कसे, याचा इतिहास मोठा रंजक आहे. फ्रान्समधल्या तिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा पोटावर पाय येणार म्हणून तिथल्या शिंप्यांनीच त्याची यंत्रे मोडून टाकली. १८४६ साली अमेरिकेत एलियास हाऊने पेटंट मिळवले. असे सांगतात, की आजारपणात घर चालवण्यासाठी त्याची बायको लोकांचे कपडे शिवत असे आणि तिचे हात पाहता पाहता त्याला यंत्र सुचले. १८५१ साली आयझॅक सिंगरचे यंत्र आले. सिंगर कंपनीची खरी युक्ती मात्र यंत्रात नव्हती, हप्त्यात होती. १८५६ पासून तिने हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली आणि कारखान्यातले यंत्र घरात शिरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भारतातही पोचले होते. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ हे देशी मशीन तयार होऊ लागले. अम्मीचे मशीन त्याच नावाचे, तेही हप्त्यांवर घेतलेले.

यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. सिंगरला आपल्या बायकोचे कष्ट पाहवले नाहीत, या प्रेमातून ते यंत्र आले, असे त्यांचे म्हणणे होते. सिंगर पक्का व्यापारी होता, ही गोष्ट वेगळी. पण माणसाचे कष्ट कमी करणारे यंत्र त्यांना मान्य होते, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे बाईच्या हातातल्या सुईकडे पोटापाण्याचे साधन म्हणून पाहणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकाम आणि हस्तकलाही शिकवल्या जात. विधवेला, परित्यक्तेला दोन पैसे स्वतःचे मिळाले, तर तिला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, हा त्यामागचा साधा विचार.

पण पैसे मिळाले म्हणून तिला कामगार म्हटले गेले का? १९७२ साली इलाबेन भट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा कामगार खात्याने हरकत घेतली. मालकच नाही, तर संघटना कुणाविरुद्ध? इलाबेनचे उत्तर असे, की संघटना कुणाविरुद्धच असायला हवी असे नाही. ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. अखेर नोंदणी झाली. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने १९८८ साली ‘श्रमशक्ती’ अहवाल दिला. बायकांचे काम मोजणीत येतच नाही, हे दुखणे त्याने सरकारदरबारी मांडले. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

मित्रहो, मी पुढे जनगणनेची पुस्तके चाळली, तेव्हा चकित झालो. १९८१ च्या त्या मोजणीत ‘घरगुती उद्योग’ असा वेगळा वर्ग होता. वर्षातले १८३ दिवस किंवा अधिक काम करणारा तो ‘मुख्य’ कामगार, त्याहून कमी करणारा ‘सीमांतिक’. अम्मी वर्षाचे तीनशे दिवस तरी मशीनवर असे. म्हणजे सरकारने तिच्यासाठी जागा ठेवलेली होती. ती रिकामी ठेवली आम्ही, ओट्यावर बसून.

१९८७ साली मी बी. ए. साठी जिल्ह्याच्या गावी गेलो. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे दर महिन्याला मनिऑर्डरने येत. पाठवणारा म्हणून अब्बांचे नाव असे. मीही कित्येक वर्षे ‘अब्बांनी शिकवले’ असेच सांगत आलो. अम्मी गेल्यावर तिची उधारीची वही सापडली. ब्लाऊज, परकर, कुंच्या यांच्या जमेसमोर दर महिन्याला एकच खर्च मांडलेला होता. माझे नाव आणि रक्कम. मनिऑर्डरची रक्कम तीच.

आता माझी मुलगी घरी क्रोशाची तोरणे आणि बाळांची टोपडी विणते. फोनवर फोटो टाकते, पार्सले बांधते, हिशेब ठेवते. मागच्या वर्षी एक जुने स्नेही घरी आले. त्यांनी विचारले, ‘‘मुलगी काय करते?’’ मी उत्तरलो, ‘‘काही विशेष नाही, घरीच असते.’’ मुलीने मान वर केली नाही. पण तिच्या हातातली सुई थांबली. माझ्या तोंडून अब्बा बोलले होते आणि माझ्याजवळ तर जकात नाक्यावरच्या कारकुनाचे अज्ञानही नव्हते.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. सरकारने आता तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर केली आहे. प्रगणक दारात आले, की घरातल्या बाईविषयी तोच प्रश्न विचारतील. माझी एवढीच विनंती आहे, की त्या वेळी घरच्या पुरुषाने उत्तर देऊ नये. आत हाक मारावी आणि तिलाच विचारावे.