रणगाड्याच्या नळीवरचा फुगवटा

आमचं घर चार पिढ्यांपासून इंदूरचं, पण बँकेच्या बदलीने माझी काही वर्षं अहमदनगरला गेली. नगर म्हणजे आपल्या लष्कराच्या रणगाडा दलाचं गाव. पेन्शनच्या दिवशी काउंटरवर जुने जवान हमखास यायचे. त्यांतल्या एका दफेदारसाहेबांनी रविवारी मला तिथलं रणगाडा संग्रहालय दाखवलं. मी पोलादाची जाडी विचारत होतो. ते म्हणाले, साहेब, आधी नळी बघा.

शर्मनची नळी सरळसोट. विजयंताच्या नळीला मात्र मध्यावर जाड फुगवटा. गंमत त्यातच आहे.

गोळा सुटला की नळीत जळक्या दारूचा वायू उरतो. पुढचा गोळा भरायला तोफेचं मागचं तोंड उघडलं की तो आत येतो. रिकामी पुंगळीही आत धुमसत पडते. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाईट. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं ठणकतं, झापड येते आणि माणूस कोसळतो.

हे दुखणं जुनंच. 15 सप्टेंबर 1916 ला सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले, तेव्हा आठ माणसं आणि इंजिन एकाच खोक्यात होती. उष्णता 50 अंशांच्या आसपास, त्यात इंजिनाचा आणि तोफांचा धूर. माणसं बेशुद्ध पडत. 1918 चा मार्क 5 चालवायला सोपा झाला, पण हवेच्या बाबतीत आणखी वाईट निघाला.

पुढे शर्मनमध्ये पंखे आले. तरी दफेदारसाहेब सांगत, भराभर गोळे सोडले की पंखा पुरा पडत नसे. झाकण लावलं तर धूर, उघडलं तर बाहेरचे तुकडे. दोन्हीकडून मरणच!

मग आला हा फुगवटा. आत पोकळी आणि नळीला तिरकी भोकं. गोळा पुढे सरकताना थोडा वायू पोकळीत भरतो. गोळा बाहेर पडून दाब उतरला की तोच वायू तोंडाच्या दिशेने जोरात सुटतो आणि मागचा धूर ओढून नेतो. मोटर नाही, वीज नाही.

आयुष्यभर हिशेब तपासले, पण आत बसलेल्या माणसाचा श्वास मी कधी हिशेबात धरलाच नव्हता. आता कुठल्या चौकात रणगाडा ठेवलेला दिसला, की मी नातवाला आधी तो फुगवटा शोधायला लावतो. कधी मध्यावर असतो, कधी टोकाशी.

तुमच्या घरात कुणी रणगाड्यावर होतं का? आठवणी जरूर लिहा.