व्हायरस संसर्गाच्या प्रतिपिंड परीक्षा

व्हायरसचा संसर्ग झाल्यावर शरीरात त्या व्हायरसविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. रक्तरसातील ही प्रतिपिंडे ओळखण्याच्या व त्यांचे प्रमाण ठरविण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धतींना प्रतिपिंड परीक्षा म्हणतात. बहुतेक तीव्र रोगांत व्हायरस रक्तात थोडेच दिवस आढळतो. प्रतिपिंडे मात्र कित्येक महिने व काही रोगांत जन्मभर टिकतात. त्यामुळे होऊन गेलेल्या संसर्गाचा पुरावा या परीक्षांतून मिळतो. भारतातील अनेक व्हायरसजन्य रोगांचा इतिहास अशा पुराव्यावरूनच उलगडला आहे.

पद्धतींचा विकास : उदासिनीकरण परीक्षेत रक्तरस व व्हायरस यांचे मिश्रण प्रयोगशाळेतील उंदरास टोचतात, उंदीर जगल्यास रक्तरसात प्रतिपिंडे आहेत असे ठरते. पुढे उंदरांऐवजी ऊतकसंवर्धनाचा वापर होऊ लागला. झ्यूल बॉर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०१ साली पूरक-बंधनाची प्रक्रिया शोधून काढली. इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसामुळे कोंबडीच्या तांबड्या कोशिकांचे पुंजके बनतात, हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखविले. प्रतिपिंडे असल्यास पुंजके बनत नाहीत, या तत्त्वावर रक्तसमूहन-निरोध परीक्षा आधारलेली आहे. १९७१ मध्ये स्वीडन व नेदर्लंड्समधील संशोधकांनी एंझाइमाच्या साहाय्याने रंग निर्माण करून प्रतिजन वा प्रतिपिंड ओळखण्याची पद्धत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. ‘एलिसा’ या नावाने ती सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळे एकाच वेळी शेकडो नमुने तपासणे शक्य झाले.

पुण्यातील कार्य : भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली पुणे येथे व्हायरस संशोधन केंद्र स्थापिले. त्याच सुमारास केलेल्या रक्तरस पाहणीत नागपूर व चिंगलपुट भागांतील लोकांत जपानी मस्तिष्कशोथाची प्रतिपिंडे आढळली. या रोगाचे मानवी रुग्ण मात्र १९५५ मध्ये वेल्लोर भागात प्रथम ओळखले गेले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली, तेव्हा पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी भीती निर्माण झाली. केंद्राने वेगळा केलेला व्हायरस रक्तरस परीक्षांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या रशियन मस्तिष्कशोथाच्या गटातील ठरला व ती भीती दूर झाली. हाच क्यासनूर वनरोग होय. दिल्लीत १९५५-५६ मध्ये दूषित पाण्यामुळे आलेली यकृतशोथाची मोठी साथ ‘ए’ प्रकारची मानली जाई. साठवून ठेवलेले रक्तरस सुमारे पंचवीस वर्षांनी तपासले असता ती ‘ए’ प्रकारची नव्हती, असे १९८० मध्ये दिसून आले. पुढे त्या रोगास ‘ई’ प्रकारचा यकृतशोथ असे नाव मिळाले. १९७८ पासून हे केंद्र राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. डेंग्यू, चिकुनगुन्या व जपानी मस्तिष्कशोथ यांच्या निदानाचे एलिसा संच तेथे तयार होतात.

मर्यादा : एका रक्तरसावरून संसर्ग नवा की जुना हे नेहमी सांगता येत नाही. आयजीएम प्रतिपिंडे प्रायः अलीकडील व आयजीजी प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची निदर्शक असतात. काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रमाण चौपट वा अधिक वाढल्यास निदान अधिक निश्चित होते. संसर्गानंतरच्या पहिल्या दिवसांत परीक्षा नकारात्मक येऊ शकते. डेंग्यू व झिका यांसारख्या जवळच्या व्हायरसांची प्रतिपिंडे परस्परांशीही प्रतिक्रिया दर्शवितात. त्यामुळे १९५२ च्या पाहणीत झिकाची म्हणून नोंदलेली प्रतिपिंडे खरोखर त्याच व्हायरसाची होती का, याविषयी शंका राहते. एप्रिल २०२० मध्ये आयात केलेल्या शीघ्र परीक्षा संचांचे निष्कर्ष विश्वासार्ह न ठरल्याने त्यांचा वापर थांबवावा लागला.

लोकसमूहांची पाहणी : पुण्याच्या संस्थेने मे २०२० मध्ये कोविड-१९ साठी ‘कोविड कवच एलिसा’ ही आयजीजी परीक्षा सिद्ध केली. मे-जून २०२० मधील पहिल्या राष्ट्रीय रक्तरस पाहणीत २१ राज्यांतील ७० जिल्ह्यांतून २८,००० प्रौढांचे नमुने घेण्यात आले. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, जळगाव, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सांगली हे जिल्हे निवडले होते. देशातील ०·७३ टक्के प्रौढांना संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज निघाला. हे प्रमाण अल्प दिसले, तरी त्यावरून काढलेली बाधितांची संख्या सुमारे ६५ लाख, म्हणजे नोंदलेल्या रुग्णसंख्येच्या कित्येक पट होती. त्याच जिल्ह्यांत जून-जुलै २०२१ मध्ये झालेल्या चौथ्या पाहणीत हे प्रमाण ६७·६ टक्के आढळले. त्यात लसीकरणामुळे निर्माण झालेल्या प्रतिपिंडांचाही वाटा होता. रुग्णालयाच्या नोंदीत न आलेला संसर्ग मोजण्याचे, तसेच साथीचा खरा विस्तार ठरविण्याचे हे प्रमुख साधन आहे.