खाटेवरून अंगणात



यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि किल्ले डोळ्यांपुढे येतात. त्यांवर लिहिणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली संसारी बाई. म्हणून ज्याच्याशी आपला रोज घरात संबंध येतो असा एक इतिहास मी निवडला आहे. तो आहे म्हाताऱ्या माणसांच्या पायांचा. माझ्या भाचीचा व्यवसाय रोग्यांकडून व्यायाम करून घेण्याचा, म्हणजे फिजिओथेरपीचा आहे. तिने सवडीने एकेक गोष्ट मला समजावून सांगितली आणि मी ती वहीत टिपून घेतली. त्या वहीतले हे चार शब्द आहेत.

आपल्याकडची कोणतीही म्हातारी देवापुढे हात जोडून एकच मागणे मागते, “हातीपायी धड असताना ने रे बाबा.” मरणाची तिला भीती नसते. भीती असते ती अंथरुणाला खिळण्याची आणि दुसऱ्याच्या हाताने पाणी पिण्याची. तरीही घरात कोणी पडले, मांडी मोडली, की आपण म्हणतो, “पिकले पान, गळायचेच.” आणि जी अजून पडलेली नाही तिला मायेने सांगतो, “आता पुष्कळ केलेत, बसा स्वस्थ.” ह्या दोन्ही वाक्यांत किती तथ्य आहे, हे गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी तपासून पाहिले. त्याची हकीगत अशी.

पहिली गोष्ट लंडनची आणि एका स्त्रीची आहे. त्या काळी इंग्लंडात गरीब, निराधार, जुनाट दुखण्याच्या माणसांसाठी सरकारी आश्रयगृहे होती आणि त्यांना जोडून दवाखाने होते. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने असा एक शेजारचा दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथल्या ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जोरी वॉरेन ह्या बाईंवर आली. त्या खाटांवर बहुतेक म्हातारी माणसे होती आणि कितीतरी जण वर्षानुवर्षे पडून होते. निजून निजून गुडघे आखडलेले, पाठीला जखमा झालेल्या. नेमका आजार काय, हे पुष्कळांच्या बाबतीत कोणी तपासलेच नव्हते. “म्हातारे आहेत, बरे काय होणार” एवढ्यावर सारे थांबलेले.

वॉरेनबाईंनी एकेका खाटेपाशी जाऊन प्रत्येकाला नीट तपासले. ज्याला खरोखर आजार होता त्याला औषध सुरू केले आणि ज्याला उठवणे शक्य होते त्याला उठवायला घेतले. अर्धांगवायू झालेल्यांनाही आधाराने बसवले, मग उभे केले, मग पाऊल टाकायला लावले. काळोख्या खोल्यांना रंग दिला, उजेड वाढवला, भिंतींना धरायला दांडे बसवले, बसायला खुर्च्या आणल्या. जी माणसे मरेपर्यंत तिथेच राहणार असे धरलेले होते, त्यांतली पुष्कळ जण चालत आपल्या घरी गेली. हे सारे त्यांनी १९४३ आणि १९४६ साली वैद्यकीय मासिकांत लिहून प्रसिद्ध केले. वृद्धांच्या आजारांचे स्वतंत्र शास्त्र इंग्लंडात उभे राहिले ते पुष्कळसे त्यांच्या ह्या कामावर. १९६० साली त्या वारल्या. आपल्या किती म्हाताऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे? पण आज मांडीचे हाड जोडल्यावर डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजीला उभी करतात, त्यामागे असल्या कामांची पुण्याई आहे.

१९४७ साली रिचर्ड अॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी निजून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला. तोवर “विश्रांती घ्या” हेच सर्व दुखण्यांवर औषध समजले जाई. अॅशर ह्यांनी दाखवून दिले की अंथरुणात पडून राहिल्याने रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झिजतात, हाडांतला चुना जातो, पोट साफ होत नाही आणि मनही खचते. पुढे २००७ साली अमेरिकेत हे मोजूनही पाहिले. साठी ओलांडलेली धडधाकट माणसे दहा दिवस अंथरुणात ठेवली, तर त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडलेले दिसले. अवघ्या दहा दिवसांत! आपण साध्या तापातही सासूबाईंना पंधरा दिवस खाटेवरून उतरू देत नाही, ह्याचा विचार करावा.

आता पडण्याविषयी. म्हातारी माणसे का पडतात, हे बारकाईने विचारणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक होते इंग्लंडातले जोसेफ शेल्डन. १९६० साली त्यांनी २०२ माणसांच्या एकूण ५०० पडण्यांची हकीगत छापली. त्यांत सुमारे एक तृतीयांश वेळा अडखळणे, घसरणे असे साधे अपघात होते. कोणाला वाटले जिना संपला, प्रत्यक्षात पायरी उरलेली होती. कोणाचे गुडघे चालता चालता एकाएकी गळाले. म्हणजे पडणे ही एकच एक गोष्ट नसून त्याला निरनिराळी कारणे असतात, हे कळले. जिथे कारण सापडते तिथे उपायही शोधता येतो.

पुढे अमेरिकेत मेरी टिनेटी ह्या बाईंनी पंचाहत्तरीच्या पुढच्या ३३६ माणसांवर वर्षभर लक्ष ठेवले आणि त्याची हकीगत १९८८ साली छापली. त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश माणसे त्या एका वर्षात निदान एकदा पडली. पडण्यामागे झोपेची औषधे, पायांतला अशक्तपणा, तोल न सावरणे अशी कारणे निघाली, आणि जितकी कारणे एकाच माणसात जमतील तितका धोका जास्त, असेही दिसले. १९९४ साली टिनेटीबाईंनीच दाखवून दिले की ही कारणे एकेक करून कमी केली तर पडणेही कमी होते.

तरीही एक शंका उरतेच. नव्वदीच्या म्हातारीच्या पायांत आता बळ कुठून येणार? त्याचे उत्तर १९९० साली बॉस्टन शहरातल्या एका वृद्धाश्रमात मिळाले. डॉ. मारिया फियाटारोन ह्यांनी तिथल्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते! एकाने मधेच सोडले, नऊ जणांनी आठ आठवडे नेटाने केले. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी पावणेदोन पटीने वाढली, म्हणजे होती त्याच्या पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. झाडाला पालवी फुटायला वय आड येत नाही, तसेच हे म्हणायचे.

सर्वांत मला आवडलेली गोष्ट आहे न्यूझीलंडची. त्या देशाच्या दक्षिण बेटावर ओटागो प्रांतात डनेडिन नावाचे गाव आहे. तिथले डॉ. जॉन कॅम्पबेल आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी ऐंशी आणि त्यापुढच्या २३३ बायका निवडल्या. सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या. त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या ११६ जणींकडे व्यायाम शिकवणारी बाई पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी जाई. दुसऱ्या गटातल्या ११७ जणींकडे तितक्याच वेळा एक परिचारिका जाई, पण नुसत्या गप्पा मारायला. म्हणजे कोणी भेटायला आल्याचा आनंद दोन्हीकडे सारखा, फरक काय तो व्यायामाचा. वर्षाच्या शेवटी हिशेब केला. गप्पांच्या गटात १५२ वेळा पडणे झाले आणि व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हा हिशेब १९९७ साली छापून आला.

तो व्यायाम काही तालमीतला नव्हता. घोट्याला लहानसे वजन बांधून खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ करायचा. ओटा किंवा टेबल धरून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. एका पायावर उभे राहायचे. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावून सरळ रेषेत चालायचे. आडवे चालायचे, मागे चालायचे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचे आणि बसायचे. हे आठवड्यातून निदान तीनदा, अर्धा अर्धा तास, आणि जोडीला बाहेर चालायला जाणे. पुढे २००१ साली गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेला शिकवून तिच्याकरवीही हे करून पाहिले, तरी फायदा झालाच. २०१९ साली जगातल्या १०८ प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी उतरते असे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगितले की वृद्धांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत.

हे वाचून कोणी म्हणेल, “आमच्या आज्यांना कुठे व्यायाम होता?” होता, पण त्याला ते नाव नव्हते. जात्यावर दळणे, आडाचे पाणी, सारवण, पाटावर मांडी घालून जेवणे, दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठणे. त्या कष्टांनी कितीजणींची कंबर कायमची वाकली हेही खरे, तेव्हा ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. पण जाते गेले, पाट गेला, पलंग आणि खुर्ची आली, आणि त्याबरोबर पायांचे कामही गेले. त्यात सून घरात आली की सासूबाईंना मानाने बसवले जाते. चाळीस वर्षे राबलेले पाय एका महिन्यात रिकामे होतात.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रात्री न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांना रोज उभे करू लागले, तेव्हा भेटायला येणाऱ्या बायका मलाच बोलू लागल्या, “म्हातारीला कशाला नाचवतेस? पडू दे की निवांत.” एका नातलग बाईंनी तर सून छळते असे चार घरी सांगितले. सासूबाई मात्र खमक्या. त्या म्हणाल्या, “तू लक्ष देऊ नकोस. मला माझ्या पायांनी तुळशीपर्यंत जायचे आहे.” पहिल्या आठवड्यात खाट ते दार, तिसऱ्यात दार ते ओसरी, अडीच महिन्यांनी अंगणातली तुळस. पुढे सहा वर्षे त्यांनी स्वतःच्या हाताने तुळशीला पाणी घातले. शेवटचे आजारपण आठ दिवसांचे झाले. त्यांचे मागणे देवाने पुरवले असे सगळे म्हणतात, आणि मीही म्हणते. पण त्यात त्या रोजच्या पावलांचा वाटा होता, हे मी पाहिले आहे.

पडण्याची भीती हाही एक रोगच आहे. एकदा पडलेली बाई पुन्हा पडू नये म्हणून हालचाल सोडते, त्याने पाय आणखी दुबळे होतात आणि ती पुन्हा पडते. हे चक्र घरातल्या माणसांनी धीर देऊन मोडायला हवे.

घरात चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत. न्हाणीघराची फरशी कोरडी आणि भिंतीला धरायला दांडा. रात्री वाटेत लहान दिवा. सरकणारे पायपुसणे आणि झिजलेली सपाता टाकून देणे. निऱ्या पायांत येणार नाहीत इतके लुगडे वर. चष्म्याचा नंबर वेळेवर तपासून घ्यावा. झोपेची गोळी कोणी घेत असेल तर ती एकाएकी बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येते का ते पाहावे. आणि ज्यांना चक्कर येते, हृदयाचे दुखणे आहे किंवा नुकतेच हाड मोडले आहे, त्यांनी विचारल्याशिवाय कोणताही व्यायाम सुरू करू नये.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या सभागृहात चाळीस खुर्च्या आहेत. दर मंगळवारी भजनाच्या आधी अर्धा तास त्या गोल मांडाव्यात. साठीच्या पुढच्या भगिनींनी त्यांवर बसावे, उठावे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलाव्यात. माझी भाची पहिले चार मंगळवार येऊन शिकवायला तयार आहे. तरुण सुनांनी सासूबाईंना घेऊन यावे आणि त्यांच्याजवळ उभे राहावे. डनेडिनच्या ऐंशी वर्षांच्या बायकांना जे जमले ते आपल्याला न जमायला काय झाले?

मंडळाची अशीच भरभराट होवो आणि पुढच्या वर्धापनदिनाला आपल्या सर्व वडीलधाऱ्या भगिनी आपल्या पायांनी चालत व्यासपीठावर येवोत, हीच प्रार्थना.