स्टोक मँडव्हिलचा शिरस्ता

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, मणका मोडून मज्जारज्जूला इजा झालेल्या मनुष्याचे भवितव्य कोणाही निष्णात डॉक्टरास विचारले असते, तर त्याने ते बहुधा आठवड्यांत मोजून सांगितले असते. मूळच्या जखमेने असा रुग्ण क्वचितच मरे; एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी शय्याव्रणे आणि मूत्राशयातून सुरू होऊन सर्वांगात भिनणारा जंतुदोष, ही दोन कारणेच त्याचा निकाल लावीत. १९१७ साली अप्पर सायलेशियातील एका अपघात-रुग्णालयात मदतनीस म्हणून राबणाऱ्या, जेमतेम अठरा वर्षांच्या एका ज्यू तरुणाने असाच एक धिप्पाड खाणकामगार पाहिला. त्याची टिपणे घेऊ लागताच, तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, उगाच श्रम करू नकोस, असे त्याला सांगण्यात आले. आणि पाच आठवड्यांनी तो खाणकामगार खरोखरच गेला.

हा तरुण म्हणजे पुढे ‘सर’ झालेले डॉ. लुडविग गुटमान. ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फर्स्टर यांच्या हाताखाली मज्जाविकारांचे शास्त्र आत्मसात केलेल्या या विद्वानास नाझी अंमल येताच सरकारी नोकरीतून दूर व्हावे लागले आणि १९३९ साली सहकुटुंब इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. युरोपच्या भूमीवर फौजा उतरविण्याची तजवीज चालू असता, मणके मोडून परतणाऱ्या शिपायांची व्यवस्था आधीच लावून ठेवावी, या हेतूने ब्रिटिश सरकारने आयल्सबरीजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात एक स्वतंत्र विभाग काढला, आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो गुटमान यांच्या हवाली केला.

त्या विभागाचे नाव आज जगभर खेळांमुळे घेतले जाते. परंतु तेथील क्रांतीचा आरंभ मैदानावर न होता खाटेवर झाला, हे विसरणे मला अन्यायाचे वाटते. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, हा गुटमान यांचा पहिला हुकूम होता. त्याची तामिली होते की नाही, हे पाहण्यास ते स्वतः अपरात्री फेरी घालीत. मूत्राशयाची निगाही तितक्याच निर्जंतुक काटेकोरपणे घेतली जाई. असली कामे करणाऱ्या परिचारिकांच्या वाट्याला पदके येत नाहीत. पण कमरेखालचे व्रण भरून आल्यावाचून मनुष्याला खुर्चीत बसता येत नाही, आणि जो बसूच शकत नाही त्याच्या हाती धनुष्य देऊन उपयोग काय?

रुग्ण जगू लागले, तेव्हा एक निराळाच प्रश्न उभा राहिला. विशी-पंचविशीचे हे तरुण आता मरत नव्हते. मग त्यांनी दिवसभर करावयाचे काय? गुटमान यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती आणि टंकलेखन यांची व्यवस्था केली, आणि तिला खेळांची जोड दिली. चाकांच्या खुर्च्यांत बसून काठ्यांनी टोलवायचा पोलोसारखा एक खेळ प्रथम निघाला. तो फार दांडगाईचा ठरल्याने त्याची जागा पुढे नेटबॉलने घेतली. येथे एक गमतीचा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. करमणूक ही स्वभावतः ऐच्छिक वस्तू. स्टोक मँडव्हिलला मात्र ती औषधाच्या मात्रेसारखी नेमून दिलेली असे, आणि ती टाळण्याची मुभा सहसा मिळत नसे. या सक्तीबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी इतकेच ध्यानात घ्यावे की, रुग्णास निजून राहण्याचे जे स्वातंत्र्य पूर्वीची रुग्णालये उदारपणे देत, त्याचा शेवट बहुधा दफनभूमीत होत असे.

या खेळांपैकी धनुर्विद्येची निवड तर शरीररचनेच्या सूक्ष्म अभ्यासातून झाली होती. पाठीवर दोहों बाजूंस पसरलेला जो रुंद स्नायू दंडापासून थेट कटीच्या हाडापर्यंत पोचतो, त्याच्या मज्जातंतूंचा उगम मानेच्या भागात असतो. त्यामुळे छातीच्या खाली संवेदना लोपलेल्या मनुष्यातही तो जिवंत राहतो, आणि शरीराच्या चालत्या व न चालत्या भागांना जोडणारा तो एक पूल ठरतो. प्रत्यंचा ओढण्याने नेमका हाच स्नायू बळावतो आणि गमावलेला तोल पुन्हा साधू लागतो. शिवाय नेम धरताना पायांचे फारसे काम नसल्याने, धडधाकट मनुष्याशी बरोबरीने स्पर्धा करण्याचा दुर्मिळ प्रसंग या खेळात लाभतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन होत असता, त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर चौदा पुरुष व दोन स्त्रिया अशा सोळा पंगू धनुर्धरांची स्पर्धा भरली. १९५२ साली डच खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली याच स्पर्धेसाठी रोम येथे तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले.

आपल्याकडे जखमी शिपायांना हुन्नर शिकविण्यासाठी क्वीन मेरी तांत्रिक संस्था १९१७ सालीच मुंबईत निघाली होती. ती पुढे खडकीस गेली. १९५० साली, जन्माने अमेरिकन पण विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली, आणि हस्तोद्योगातून अवयवांना चालना देणाऱ्या शास्त्राची येथे रीतसर प्रतिष्ठापना झाली. परंतु खेळाच्या उपचाराचे सर्वांत ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पांगळा झालेला हा लष्करातला मुष्टियोद्धा उपचार म्हणून पाण्यात उतरला. पाणी देहाचा भार स्वतःवर घेत असल्यामुळे, जमिनीवर निरुपयोगी ठरलेल्या शरीरालाही तेथे केवळ हातांच्या बळावर गती मिळते. १९७२ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या त्याच स्टोक मँडव्हिल परंपरेतील स्पर्धेत पन्नास मीटरच्या पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली. सरकारी दप्तरे ज्या संथपणे पोहतात, त्यास कोणत्याही स्पर्धेत पदक मिळू नये.

खडकीसच १९७४ साली पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. ज्यांचे हात शाबूत आहेत ते तेथे चाकांच्या खुर्चीतून बास्केटबॉल खेळतात. मानेतच मज्जारज्जू दुखावल्यामुळे ज्यांना धनुष्यही पेलत नाही आणि पाणीही कापता येत नाही, त्यांच्यापुढे मात्र स्टोक मँडव्हिलची खेळांची युक्ती अपुरी पडते. म्हणून त्यांच्यापैकी काहींनी दातांत कुंचला धरून चित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली आहे, आणि त्यांची चित्रे विकलीही जातात.