संक्रांतीच्या तोंडावरची सही

भोगीच्या सकाळी बेंबीभोवती दुखू लागलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी जास्त झाली असेल म्हणून ओवा चावला. दुपारी दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि संध्याकाळी नाशिकमधल्या एका रुग्णालयात सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स, आजच काढायला हवं. आमचे नेहमीचे डॉक्टर पतंग उडवायला येवल्याला गेलेले. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आकाश रिकामं नसतं. समोर होते कधीच न पाहिलेले सर्जन, आणि संमतीपत्र. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टर परत येईपर्यंत थांबू या का?" मी सही केली. अक्षर पार वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या आठवली ती दुसरी एक सही, तीही संक्रांतीच्या तोंडावरचीच.

१२ जानेवारी १९२४. सहा वर्षांच्या शिक्षेतली जेमतेम दोन वर्षं येरवड्यात काढलेल्या गांधीजींना त्या दिवशी पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. अपेंडिसायटिस. डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याची मुभा होती, पण तेवढा वेळ नव्हता. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारने तुरुंगात टाकलं त्याच सरकारचे डॉक्टर. कैदी दगावला असता तर देशात कोणाचा विश्वास बसला असता? म्हणून श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं. त्यांनी निवेदन लिहिलं: डॉक्टरांवर विश्वास आहे, त्यांनी काळजी घेतली आहे, शस्त्रक्रियेला संमती आहे. गांधीजींनी पेन्सिलीने सही केली आणि हात किती थरथरतोय बघा, असं मॅडॉक यांनाच हसत सांगितलं.

मला त्या कागदाचं मोल वाटतं ते 'हिंद स्वराज'मुळे. १९०९ साली त्यात गांधीजींनी डॉक्टर आणि रुग्णालयं यांच्यावर कडाडून टीका केली होती. ती मतं त्या रात्री बदलली असं मी म्हणणार नाही. पण परक्या राज्याशी भांडण आणि समोरच्या माणसाच्या हातांवर विश्वास, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, तेही पोटात कळा येत असताना. (मला तेव्हा फक्त बिलाची चिंता होती.)

शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. पेनिसिलिनचा शोधही अजून चार वर्षं दूर होता. नंतर जखमेत पू झाला, बरं व्हायला वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं.

त्याआधी बावीस वर्षं, १९०२ च्या जूनमध्ये, राज्याभिषेक दोन दिवसांवर असताना याच दुखण्याने सातव्या एडवर्डला गाठलं होतं. देशोदेशीचे पाहुणे लंडनमध्ये जमलेले. ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच गळू फोडून पू काढला आणि सोहळा ऑगस्टवर गेला. राजा असो की कैदी, हे दुखणं सणवार बघत नाही.

माझं दुर्बिणीतून झालं, तीन छोट्या भोकांतून. वीज गेली नाही. करीला घरी आलो तेव्हा गॅलरीच्या तारेवर कुणाचा तरी मांजा अडकला होता. शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. बायकोने तो डब्यात ठेवला. मला आठवडाभर पेजच होती.